मुलाला पायलट करायचंय, पण विमान कंपन्याच टिकत नाहीत: काय करावं? (उत्तर लांब आहे)

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वाळवा तालुक्यातले, ऊस आणि थोडी भाजी. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, त्याला कमर्शियल पायलट व्हायचंय. टाइप रेटिंग (एका ठरावीक मॉडेलचं विमान उडवायचं वेगळं प्रशिक्षण) धरून एकूण खर्च ७० लाखांच्या आसपास सांगितलाय आणि बँक घर आणि जमीन दोन्ही तारण मागतेय. मेहुणे म्हणतात की प्रदूषणामुळे २०५० पर्यंत विमानं बंदच होणार, आणि त्याच्याआधी एआय येऊन पायलटची गरज संपणार. आणि तुमच्या स्वतःच्या डोक्यात किंगफिशर, जेट, गो फर्स्ट फिरतायत. म्हणून तुम्ही विचारलंत, "विमानसेवेला भविष्य आहे का?"

मी पायलट नाही हे आधीच सांगतो. मी एएमई, म्हणजे विमानाचा मेंटेनन्स इंजिनियर, लायसन्सवाला, नव्वदच्या दशकात मुंबईत हँगरमध्ये लागलो, आता निवृत्त आहे आणि अधूनमधून पोरांना शिकवतो. त्यामुळे मी हा धंदा पंखाखालून बघितलाय, कॉकपिटमधून नाही, आणि माझं मत थोडं इंजिनियर लोकांच्या बाजूला झुकणार, ते तेवढं वजा करून वाचा.

आता तुमचा प्रश्न. मला वाटतं तुम्ही विचारलंय एक आणि तुम्हाला रात्री झोप येत नाहीये दुसऱ्याच कशाने. विमानसेवेला भविष्य आहे का, तर आहे, त्यात मला फारशी शंका नाही. पण कर्ज फेडायच्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तुमच्या मुलाच्या खात्यात दर महिन्याला पगार जमा होईल का, हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर "होईल, पण मध्ये दोन-तीन वर्ष कोरडी जाऊ शकतात" असं आहे. ही कोरडी वर्ष तुमचं घर झेपवेल का, सगळं गणित तिथे आहे.

उसाच्या पट्ट्यातले आहात म्हणून सांगतो. तुमच्याकडे किती कारखाने आजारी पडले, लिलावात गेले, भाड्याने चालवायला दिले, पण ऊस लावायचा कोणी थांबला का? आणि कारखान्यातला चांगला पॅनमन किंवा फिटर, तो दुसऱ्या कारखान्याने हंगामाच्या आधी उचललाच ना. विमानात तेच आहे. नव्वदच्या दशकात ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी आल्या आणि गेल्या. २००७ मध्ये सहारा जेटने घेतली, डेक्कन किंगफिशरच्या ताब्यात गेली. मग किंगफिशर स्वतःच ऑक्टोबर २०१२ मध्ये बसली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट ३ मे २०२३ ला. एवढी पडझड होऊनही देशातल्या देशात विमानाने जाणारे लोक २०१९ मध्ये १४ कोटींच्या वर होते आणि २०२४ मध्ये १६ कोटींच्या वर गेले, मध्ये कोरोनाने दोन महिने सगळं जमिनीवर बसवलं होतं तरीसुद्धा. प्रवासी कुठे गेले नाहीत, कंपन्या गेल्या.

मग कंपन्याच का जातात? कारण धंद्याची रचनाच अशी आहे की तिकीट रुपयात विकायचं आणि खर्च डॉलरमध्ये करायचा. विमानाचं भाडं डॉलरमध्ये, सुटे भाग डॉलरमध्ये, इंजिनाचं मोठं काम डॉलरमध्ये, आणि इंधनाचा भावसुद्धा बाहेरच्या बाजाराला बांधलेला. आपल्याकडे एअरलाइनच्या खर्चात ३० ते ४० टक्के इंधनच खातं, आणि ते जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं. आपल्या महाराष्ट्रात मुंबई-पुण्याला तो २५ टक्के होता, २०२३ च्या बजेटमध्ये १८ वर आणला. आता एवढं सगळं भरून जगभरातल्या कंपन्यांचा हिशेब काढला तर एका प्रवाशामागे निव्वळ नफा साधारण ७ डॉलर उरतो. चांगल्या वर्षी. रुपया थोडा घसरला, कच्चं तेल थोडं चढलं, की ते ७ डॉलर कुठे गेले कळतसुद्धा नाही. वर भाडं वाढवायला जावं तर शेजारचा कमी करून बसलेला.

आता एक गोष्ट जरा जवळून सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं कंपनी बुडते ती मालकाच्या उधळपट्टीमुळेच. कधीकधी तसं असतंच, नाही म्हणत नाही. पण गो फर्स्टने बंद पडताना जे कारण दिलं ते इंजिनाचं होतं. एअरबसच्या ए-३२० निओ विमानांवर प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचं जे गिअरवालं इंजिन आहे, ते इंधन कमी खातं, आवाज कमी करतं, सगळं छान, पण पंखावर टिकत नव्हतं, अपेक्षेपेक्षा फार लवकर काढावं लागत होतं आणि बदली इंजिन मिळत नव्हतं. गो फर्स्टची जवळपास अर्धी विमानं इंजिनाअभावी उभी होती. उभ्या विमानाचंही भाडं भरावं लागतं, ते काय म्हणत नाही की बाबा तू उडत नाहीस तर राहू दे.

कंपनी बंद पडल्यावर काही महिन्यांतच, जुलै २०२३ मध्ये, त्याच इंजिनात आणखी एक वेगळी भानगड निघाली. आतल्या टर्बाइन आणि कॉम्प्रेसरच्या डिस्क ज्या धातूच्या भुकटीपासून बनवतात, त्या भुकटीत काही वर्षं सूक्ष्म अशुद्धी गेली होती. ही डिस्क मिनिटाला वीस हजारांच्या घरात फिरते, तिला आतून बारीक तडा जरी गेला तरी विषय संपला. आम्ही इंजिन पंखावर असताना बोरोस्कोप, म्हणजे बारीक कॅमेऱ्याची नळी, घालून ब्लेड बघतो, कडा खाल्ल्यात का, कोटिंग उडालंय का ते दिसतं, पण डिस्कच्या धातूच्या पोटात काय आहे ते बोरोस्कोपला दिसत नाही. त्यासाठी इंजिन उतरवायचं, शॉपला पाठवायचं, पूर्ण खोलायचं, डिस्क बाहेर काढून अल्ट्रासोनिक तपासणी करायची. इंजिन बनवणाऱ्या कंपनीनेच सांगितलं होतं की एका इंजिनाला २५० ते ३०० दिवस लागतील. म्हणजे जवळजवळ वर्षभर. त्या काळात बऱ्याच विमानतळांवर कोपऱ्यात नवीकोरी विमानं बिनइंजिनाची उभी दिसायची, नाकाच्या नळ्यांना कव्हरं, उघड्या जागांवर टेप, आणि इंजिनाच्या जागी वाऱ्यात विमान हलू नये म्हणून वजनं टांगलेली. अशा विमानाचे पार्ट मग दुसरं विमान उडवण्यासाठी रॉब केले जातात, म्हणजे काढून घेतले जातात, आज एक व्हॉल्व्ह, उद्या एक कॉम्प्युटर, आणि सहा महिन्यांनी त्या विमानाचा सांगाडा झालेला असतो. इंडिगोचीही कितीतरी विमानं अशी बसली होती, पण तिच्याकडे पैसा आणि बाकीची विमानं होती म्हणून तिने ते पचवलं. तेच दुखणं, एक मेली एक जगली. मुलाला कंपनी निवडायची वेळ येईल तेव्हा ही गोष्ट त्याच्या लक्षात असू दे.

माझ्या स्वतःच्या बाबतीतही मी ज्या कंपनीत होतो ती बंद पडली. नाव घेत नाही. पगार आधी उशिरा, मग अर्धा, मग नाहीच. तेव्हा जे बघितलं ते तुमच्या कामाचं आहे. ज्या इंजिनियरच्या लायसन्सवर मागणी असलेल्या विमानाचं टाइप (त्या मॉडेलवर सही करायची परवानगी) होतं, ते काही आठवड्यांत दुसरीकडे लागले. कॅप्टन लोकांना आखाती कंपन्यांनी उचललं. ग्राउंड स्टाफ, ऑफिसवाले, त्यांचे हाल झाले. आणि सगळ्यात जास्त कोण अडकलं माहितीये? ज्युनियर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. कॅप्टन होण्याइतके तास नाहीत, डोक्यावर कर्ज, आणि बाजारात त्यांच्यासारखे शेकडो. तुमचा मुलगा पहिली काही वर्ष नेमका त्याच जागी असणार.

इथे लोक विचारतात की पायलट कमी आहेत असं तर पेपरात येतं, मग बेकार कसे? २०२३ मध्ये डीजीसीएने (विमानवाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) १,६२२ कमर्शियल पायलट लायसन्स दिली, तोवरचा उच्चांक होता तो. आणि डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, पायलटच्या विश्रांतीचे नवीन नियम त्याआधीच लागू झाले होते, आठवड्याची सुट्टी ३६ वरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा, आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचं वेळापत्रक कोसळलं, हजारो फ्लाइट रद्द, एअरपोर्टवर बॅगांचे डोंगर. तर मग घरी बसलेली लायसन्सवाली पोरं का नाही बोलावली? कारण २०० तासांचं लायसन्स म्हणजे लगेच एअरबस उडवता येते असं नाही. त्यावर टाइप रेटिंग, सिम्युलेटर, मग ट्रेनर कॅप्टनसोबत लाइन ट्रेनिंग, म्हणजे खऱ्या प्रवासी फ्लाइटवरचा सराव, आणि ट्रेनर कॅप्टन मोजकेच. टंचाई आहे ती अनुभवी माणसांची. खालच्या टोकाला गर्दी, वरच्या टोकाला दुष्काळ, आणि मधला रस्ता अरुंद. त्या रस्त्यावर शिरायला कधी सहा महिने लागतात तर कधी तीन वर्ष, ते तुमचा मुलगा कोणत्या साली बाहेर पडतो त्यावर आहे. २००८-०९ च्या मंदीत, किंगफिशर बसल्यावर, आणि २०२० मध्ये बाहेर पडलेल्या पोरांनी भोगलंय ते. त्यात त्यांची चूक काहीच नव्हती.

आणखी एक. आज देशातली ९० टक्क्यांच्या आसपास देशांतर्गत वाहतूक इंडिगो आणि एअर इंडिया ग्रुप या दोघांकडेच आहे. विस्ताराही १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. म्हणजे मालक दोनच, बाकी अकासा आणि किरकोळ. वर नोकरी सोडायची तर फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभराची नोटीस, हा नियम २०१७ पासून आहे. दोन मालकांच्या गावात मजुरी कोण ठरवतं ते तुम्हाला मी काय सांगणार.

आता मेहुण्यांचा मुद्दा, प्रदूषणाचा. ते अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, फक्त शेवट चुकीचा काढतायत. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा साधारण अडीच टक्के, आणि २०५० पर्यंत नेट झिरो करायचं असं उद्योगाने २०२१ मध्ये ठरवलंय. पण बॅटरीवर मोठं विमान उडणं मला तरी माझ्या नातवाच्या नोकरीपर्यंत दिसत नाही. एक किलो विमानाच्या इंधनात साधारण १२ युनिट ऊर्जा असते, आजच्या चांगल्या बॅटरीत किलोला पाव युनिट, फार तर थोडी जास्त. इंजिन उष्णतेत बरंच वाया घालवतं ते धरलं तरी फरक प्रचंड आहे. शिवाय इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं, बॅटरी रिकामी झाली तरी वजन तेवढंच, आणि लँडिंगला तेच वजन चाकांवर येतं. हायड्रोजनचं एअरबसने २०२० मध्ये मोठा गाजावाजा करून २०३५ सांगितलं होतं, २०२५ मध्ये ते पुढे ढकललं.

उरतं ते सॅफ, म्हणजे जैविक वगैरे मार्गाने बनवलेलं विमानाचं इंधन, जे आहे त्याच इंजिनात मिसळून चालतं. इथे तुमच्या भागाचा संबंध येतो बघा. १९ मे २०२३ ला पुणे-दिल्ली एक प्रवासी फ्लाइट असं इंधन थोडं मिसळून गेली होती, आणि ते इंधन पुण्याच्या प्राज कंपनीने उसाच्या मळीपासून बनवलेलं होतं. अडचण एकच, महाग आहे, साध्या इंधनाच्या दुप्पट ते पाचपट, आणि आहे कुठे? २०२४ मध्ये जगभरात जेवढं बनलं ते एकूण विमान इंधनाच्या ०.३ टक्के. युरोपने सक्ती केलीय, २०२५ ला २ टक्के, २०३० ला ६, २०५० ला ७०. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के असं ठेवलंय. याचा अर्थ विमानं बंद होतील असा नाही, तिकीट महाग होईल असा आहे. आणि तिकीट महाग झालं की वाढीचा वेग कमी होतो, जवळचे मार्ग रेल्वेकडे जातात, फ्रान्सने तर २०२३ मध्ये अडीच तासांच्या आत ट्रेन असेल तिथली काही विमानं कायद्याने बंदच केली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन होईल तेव्हा त्या मार्गावर परिणाम होणारच. पण मुंबई-गुवाहाटीला ट्रेनने कोण बसतंय?

एआयचा मुद्दा. बोइंग ७४७ च्या जुन्या मॉडेलवर कॉकपिटमध्ये तिसरा माणूस असायचा, फ्लाइट इंजिनियर. त्याआधी नॅव्हिगेटर, रेडिओवाला. ते सगळे गेले. ७४७-४०० आली आणि दोघांत काम भागायला लागलं. म्हणजे माणसं कमी होतात हे खरंय, मी ते होताना पाहिलंय. पण दोनावरून एक करायचा विषय आला तेव्हा युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने अभ्यास करून २०२५ मध्ये सांगितलं की आजच्या कॉकपिटमध्ये तेवढीच सुरक्षा दाखवता येत नाही. या धंद्यात एखादा बदल कागदावरून पंखाखाली यायला वीस-वीस वर्ष लागतात. मुलाच्या करिअरच्या शेवटच्या टप्प्यात काहीतरी बदललेलं असेल, कर्जाच्या काळात नाही. ही भीती मी तुमच्या यादीतून काढून टाकेन.

आणि उलट बाजूची एक सूचना. नवीन विमानतळाच्या उद्घाटनाच्या बातम्या बघून हुरळून जाऊ नका. नवी मुंबईचं वेगळं, तिथे २५ डिसेंबर २०२५ ला विमानं सुरू झाली आणि तिथे खरंच गर्दी आहे, मुंबईत जागाच उरली नव्हती. पण उडान योजनेचा (लहान शहरांना स्वस्तात विमानाने जोडायची सरकारी योजना) कॅगचा २०२३ चा अहवाल बघा, पहिल्या तीन टप्प्यांतल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, आणि तीन वर्षांची सवलत संपल्यावरही चालू राहिलेले फक्त ५४. आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं बघतोयच की, धावपट्टी चकाचक आणि विमान टिकवताना नाकी नऊ. तसंच इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर २०२३ मध्ये दिली, आकडे खरे आहेत, पण ऑर्डर म्हणजे विमान नव्हे, ती दहा-बारा वर्षांत येणार, आणि कारखान्यांकडे जगभरची थकबाकी १७,००० विमानांच्या घरात आहे. क्लासवाले हे आकडे बॅनरवर लावतात, खालची ओळ लावत नाहीत.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: विमानं उडणार, तिकीट महागणार, कंपन्या पडणार-उठणार, पायलट लागणार पण अनुभवी, आणि नवख्याला आत शिरायला नशिबाचं वर्ष लागणार.

मग काय करा. पहिलं म्हणजे एक रुपया फी भरायच्या आधी डीजीसीएची क्लास २ आणि लगेच क्लास १ मेडिकल करून घ्या. डोळे, कान, रंग ओळखणं, ईसीजी, सगळं. फी भरून झाल्यावर रंगांधळेपणा निघालेली पोरं मी पाहिलीत, घरचे सुन्न होतात. दुसरं, डीजीसीएचे थिअरीचे पेपर, म्हणजे हवामान, नॅव्हिगेशन, रेग्युलेशन, टेक्निकल, हे फ्लाइंग सुरू करायच्या आधी पास होऊ द्या. त्याला लाखभर-दोन लाखांत कळेल की आवड खरी आहे की युनिफॉर्मची आहे, आणि तुम्हालाही कळेल. पेपर दोन-दोनदा अडकायला लागले तर तिथेच थांबता येतं, घर अजून तुमचंच असतं.

फ्लाइंग स्कूल निवडताना चकचकीत ऑफिस बघू नका, हँगरमध्ये जा. बारामती त्यातल्या त्यात जवळ आहे, गोंदिया लांब पण राज्यातच, स्वतः जाऊन या. उडण्याच्या अवस्थेत विमानं किती आहेत ते विचारा, एकूण किती ते नको. शिकवणारे इन्स्ट्रक्टर किती, मागच्या बॅचला २०० तास पूर्ण करायला खरोखर किती महिने लागले, हे तिथल्या पोरांना चहाच्या टपरीवर विचारा, काउंटरवर नको. पैसे एकरकमी कधीही भरू नका, तासांप्रमाणे हप्ते पाडून घ्या.

टाइप रेटिंग आत्ताच्या कर्जात धरू नका हा माझा सल्ला आहे, यावर इतरांची मतं वेगळी असू शकतात. लायसन्स हातात आल्यावर बाजार बघायचा, कोण भरती करतंय, कोणत्या विमानासाठी, मगच ते करायचं, कारण रेटिंग करून वर्षभर घरी बसलं तर ते चालू ठेवायलाही पुन्हा सिम्युलेटरचा खर्च येतो. कंपन्यांचे कॅडेट प्रोग्रॅम, म्हणजे एअरलाइनशी जोडलेले पायलट कोर्स, महाग असतात पण त्यात नोकरीची वाट थोडी तरी बांधलेली असते, तिथे करारातलं "नोकरी देऊ" आणि "नोकरीसाठी विचार करू" यातला फरक वकिलाकडून वाचून घ्या.

आणि मुलाशी एकदा शांतपणे बोलून बघा की त्याला उडायचंच आहे की विमानाजवळ राहायचंय. दुसरं असेल तर एएमईचा विचार करा, खर्च पायलटच्या तुलनेत कितीतरी कमी, बी-१ म्हणजे इंजिन-बॉडी, बी-२ म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. पगार सुरुवातीला कमी आणि लायसन्सवर टाइप यायला चिकाटी लागते, रात्रपाळ्या आहेत, पावसात रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या उघड्या जागेवर, उभं राहावं लागतं. पण नागपूरला मिहानमध्ये मोठा मेंटेनन्स तळ आहे, हैदराबादला सॅफ्रन या फ्रेंच कंपनीच्या इंजिन दुरुस्ती शॉपचं नोव्हेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालंय, आणि आधी सांगितली ती बिघडलेली इंजिनं, ती कोणीतरी खोलायला लागतातच. कंपनी बुडाली तरी विमान दुसऱ्याकडे जातं आणि त्यालाही सही करणारा लागतो.

शेवटी कर्ज. तुमची परिस्थिती तुम्हालाच माहीत, पण माझा हिशेब असा की लायसन्स मिळाल्यावर दोन वर्ष पगार नाही असं धरून बसायचं आणि त्या दोन वर्षांचे हप्ते उसाच्या बिलातून निघतात का ते आत्ता कागदावर मांडायचं. निघत असतील तर पाठवा पोराला, बिनधास्त पाठवा. निघत नसतील तर रक्कम कमी करा किंवा तो पेपर देईपर्यंत थांबा. जमीन आणि घर दोन्ही तारण देऊ नका, एकावर बँक तयार होत नसेल तर दुसरी बँक बघा. आणि एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही: एज्युकेशन लोनला हप्ते सुरू होण्याआधीची सूट साधारण कोर्सचा काळ अधिक एक वर्ष असते, पण फ्लाइंगचा कोर्स कागदावर दीड वर्षाचा आणि प्रत्यक्षात पावसामुळे, विमान बंद असल्यामुळे, इन्स्ट्रक्टर सोडून गेल्यामुळे अडीच-तीन वर्षांचा होतो. बँक कागदावरची तारीख धरते, मग पोरगं अजून तास भरतंय आणि हप्ता सुरू. त्यामुळे सूट कोर्स खरोखर संपल्यापासून मोजायची, हे मंजुरीपत्रात लेखी घ्या, मॅनेजरच्या तोंडी शब्दावर राहू नका, तो बदली होऊन जातो.